दाताच्या नावाने अकोल्याला

ताईने खानदानाचा मोबाईलवरचा ग्रूप सोडला, त्या दिवशी आमच्या घरी जितके फोन आले तितके आजी वारली तेव्हाही आले नव्हते. आजीच्या वेळी लोकांनी हात जोडलेलं चित्र टाकलं आणि आपापल्या कामाला लागले. ग्रूप सोडणं हे मात्र गंभीर प्रकरण होतं. आत्याने फोन करून आईला पहिलाच प्रश्न विचारला, "कोण काय बोललं वं तिले?" पोरगी कशी आहे, हा प्रश्न तिला सुचलाच नाही. तो कोणालाच सुचला नाही.

हा ग्रूप मोठे बाबा चालवतात. मोठे बाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. सरकारी कचेरीतून बाबू म्हणून रिटायर झाले, अमरावतीत दुमजली घर बांधलं आणि हाताखालची माणसं गेली म्हणून नातेवाईक हाताखाली घेतले. रोज पहाटे, अजून अंधार असतानाच, त्यांचा पहिला मेसेज पडतो. कधी गुलाब, कधी उगवता सूर्य, कधी तथागतांचं चित्र आणि त्याखाली एखाद्या विमा एजंटला शोभेल असं वाक्य. त्यावर प्रत्येकाने 'जय भीम, सुप्रभात' लिहायचं. जो लिहीत नाही त्याचं नाव मोठ्या बाबांच्या लक्षात राहतं. मेसेजवर बोट दाबून धरलं की कोणी पाहिला आणि कोणी नाही हे कळतं, ही विद्या त्यांना कोणीतरी शिकवली, आणि तेव्हापासून खानदानात कोणाला सुख नाही. कोणाच्या लग्नात, पंगतीत बसल्या बसल्या ते एखाद्याला म्हणतात, "पाहातं तं लेका, पण उत्तर देत नाई." तो बिचारा हातातली पुरी तशीच धरून हसतो.

लोक काय म्हणतील, या भीतीवर आमच्या समाजाचा अर्धा कारभार पूर्वीपासूनच चालायचा. पण पूर्वी लोकांना त्यासाठी कष्ट करावे लागत. ओट्यावर बसावं लागे, मान वाकडी करून दुसऱ्याच्या खिडकीत पाहावं लागे, संध्याकाळी दिवे लागले की घरी जावं लागे. आता ती खिडकी आपणच विकत घेतो, दर महिन्याला पैसे भरतो आणि उशाशी घेऊन झोपतो. मी एका युवक संघटनेसाठी पत्रकं लिहिते, अमरावतीच्या कॉलेजांबाहेर उभी राहून वाटते. हे वाक्य मी एका पत्रकात घातलं होतं. पोरांनी त्या पत्रकाने वारा घेतला.

ताई एका खाजगी शाळेत शिकवायची. शिकवणं हा तिच्या नोकरीचा सगळ्यात लहान भाग होता. वर्गात पोरांनी मातीचा बैल केला की त्याचा फोटो पालकांच्या ग्रूपवर टाकायचा. माझ्या पोराचा बैल फोटोत अर्धाच का आला, याचं उत्तर जेवताना द्यायचं. बाई कालच्याच साडीत दिसतात, असं एका पालकाने लिहिलं तर त्यावर हसरं तोंड टाकायचं. मुख्याध्यापिकेने सूचना टाकली की 'ओके मॅडम' लिहायचं, आणि सगळ्यांच्या आधी लिहायचं. ताई भाजी निवडताना फोन मांडीवर ठेवायची. तो थरथरला की तिचे खांदे वर जायचे. पुढे पुढे तो थरथरला नाही तरी जायला लागले.

मग ती जेवेनाशी झाली. दुपारपर्यंत आंघोळ नाही. केस विंचरायला बसायची आणि फणी हातात धरून बसूनच राहायची. आईने निदान केलं, "रक्त कमी हाय तिचं." बिटाचा रस सुरू झाला. मोठ्या बाबांच्या ग्रूपवर त्याच आठवड्यात एक ज्ञान आलं होतं की डिप्रेशन हा रिकामटेकड्या लोकांचा रोग आहे, शेतात राबणाऱ्याला तो होत नाही. खाली अंगठेच अंगठे. ताईचाही एक अंगठा होता. नाही टाकला तर दिसलं असतं ना.

आमचं घर बडनेऱ्याला, रुळांपासून जवळ. बाबा रेल्वेत होते, रुळांवर काम करणाऱ्या गँगमध्ये. एका सकाळी चहा पिता पिता ताई म्हणाली, "बाबा, मागून जाते ते मालगाडी रोज एकाच टायमाले जाते का?"

बाबांनी कप खाली ठेवला. रेल्वेतल्या माणसांनी रुळांवरून काय काय उचललेलं असतं ते घरी सांगत नाहीत, पण बाबांचा चेहरा मी पाहिला. ते आईला म्हणाले, "हिले डॉक्टरकडे न्या लागते. उद्याच."

"कोणत्या डॉक्टरकडे?" आईने विचारलं. तिला कळलं होतं. म्हणूनच विचारलं.

आता इथे आमच्या वऱ्हाडाची एक रीत सांगते. अमरावतीत मनाचे डॉक्टर आहेत, अकोल्यातही आहेत. पण अमरावतीचा माणूस अमरावतीच्या डॉक्टरकडे जात नाही. तो अकोल्याला जातो. अकोल्याचा माणूस अमरावतीला येतो. त्यामुळे दोन्हीकडचे डॉक्टर परगावच्या माणसांवर चालतात, आणि दोन्ही शहरांना वाटतं की वेडे काय ते त्या तिकडच्या शहरात. सर्दी झाली तर सगळ्या गल्लीला सांगायचं, मूळव्याधीवर लग्नाच्या मांडवात चर्चा करायची, पण मन दुखलं की पॅसेंजर पकडायची. आईने ताईच्या तोंडाला स्कार्फ बांधला, नुसते डोळे उघडे. उन्हाळ्यात आमच्याकडे सगळ्याच पोरी बांधतात. तेव्हा ऊन नव्हतं.

अकोल्यातल्या त्या इमारतीत खाली दातांचा दवाखाना आहे आणि वर हे डॉक्टर. ज्याने ही जागा निवडली त्याला आमचे लोक नीट कळले होते. जिन्यात जो भेटतो तो दातासाठी आलेला असतो. वर बाकांवर बसलेली सगळी माणसं दातासाठी आलेली असतात.

डॉक्टरांनी ताईचं म्हणणं ऐकून घेतलं, बाबांना बाहेर बसवून तिच्याशी वेगळे बोलले, गोळ्या लिहून दिल्या. त्या मनाने बंद करायच्या नाहीत, असं बजावलं. शाळेतून रजा घ्यायला लावली. आजार काही फोनमुळे झालेला नाही, म्हणाले, पण बरं वाटेपर्यंत फोन दूर ठेवा, सगळ्या ग्रूपमधून बाहेर पडा.

"घरच्याबी?" ताईने विचारलं.

"आधी त्यातूनच," डॉक्टर म्हणाले.

परतीच्या गाडीत, मूर्तिजापूर गेल्यावर, ताईने ग्रूप सोडला. एवढीच गोष्ट. एका आजारी पोरीने डॉक्टरचं ऐकलं.

आता कोणी ग्रूप सोडला की सगळ्यांना दिसत नाही, फक्त चालवणाऱ्याला दिसतं. फोन बनवणाऱ्यांनी एवढी तरी माणुसकी ठेवली. पण मोठ्या बाबांनी त्या ओळीचा फोटो काढून ग्रूपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'कारण कळेल का?' झालं. आमच्याकडे शेताचा बांध फोडला तर माणसं बसून बोलतात, पण ग्रूप सोडला म्हणजे भावकी तुटली. प्रत्येकाने आपापलं कारण शोधलं. आत्या म्हणाली, जयंतीच्या फोटोत हिच्या आईचं डोकं कापलं गेलं होतं, त्याचा राग. कोणी म्हणालं, मोठ्या बाबांच्या पोराच्या पगाराचं कौतुक झालं, ते सहन झालं नाही. मोठ्या बाबांना स्वतःला वाटलं की आमच्या बाबांनीच तिला फितवलं, धाकटा भाऊ आता बरोबरी करायला निघाला.

त्यांनी ताईला परत ग्रूपमध्ये घातलं. ती बाहेर पडली. परत घातलं. तिसऱ्यांदा मी तिच्या फोनमध्ये अशी सोय करून ठेवली की तिला विचारल्याशिवाय कोणी कुठे घालू शकणार नाही. मग ते आमंत्रणं पाठवायला लागले. दिवसाला एक, गुलाबासकट. फोन वाजला की ताईच्या हातातला घास खाली यायचा. गोळ्यांनी जे थोडं सावरलं होतं ते या गुलाबांनी पाडलं. शेवटी मी फोन बंद केला आणि ज्वारीच्या पिठाच्या डब्यात खुपसला.

मोठ्या बाबांनी बाबांना फोन करून सांगितलं, "हे सारं त्या पत्रकवाल्या पोट्टीचं काम हाय. पत्रकं वाटू वाटू बह्याड झाली ते."

बाबा नुसतं "हो भाऊ, पाहातो" म्हणाले. थोरल्या भावाला खरं सांगायची त्यांची हिंमत झाली नाही. रेल्वेखालून माणूस उचलणारा माझा बाप 'माझी पोरगी मनाच्या डॉक्टरकडे जाते' हे वाक्य उचलू शकत नव्हता. आई तर रोज बजावायची, "कोणाजवळ बोलजो नोको. तिचं लगन व्हाचं हाय अजून."

पुढच्या वेळी अकोल्याला ताईसोबत मी गेले. वर बाकावर एक बाई तोंडाला स्कार्फ बांधून बसली होती. म्हातारी बाई, आणि कॉलेजच्या पोरीसारखा फुलाफुलांचा स्कार्फ. तिच्या मनगटावर गोंदलेलं पान होतं. त्या पानाकडे पाहात पाहात मी मोठी झालेय, कारण लहानपणी मला भरवताना तो हात रोज तोंडासमोर यायचा. मोठी आई होती. मोठ्या बाबांची बायको.

तिनेही आम्हाला ओळखलं.

"तू काहून वं इथं?" तिने ताईला विचारलं.

"दात," ताई म्हणाली.

"माही दाढ हाय."

मग आतून तिचा नंबर पुकारला आणि ती दाढ घेऊन मनाच्या डॉक्टरकडे गेली. बाहेर आली तेव्हा स्कार्फ खाली ओढला होता. ताईशेजारी बसली, पिशवीतून पेरू काढला, तीन तुकडे केले आणि एकेक आमच्या हातात कोंबला.

"कवापासून येता मोठीआई?" ताईने विचारलं.

"तुह्या मोठ्या बाबाची पेन्शन सुरू झाली तवापासून." ती पेरू खात म्हणाली. "पहाटेपासून वाचून दाखवते मले. जगात काय काय हाय, कोण मेलं, कोणतं तेल खाचं नाई, बायकोनं कसं राहावं. मी आयकून राहिली, आयकून राहिली. एक दिवस पोया लाटता लाटता रडूच थांबेना."

"आन त्याईले काय सांगता?"

"दात. दर टायमाले दात. तोंडात दात किती राहते, हे त्याईनं कधी मोजून पाह्यलं नाई." ती ताईकडे वळली. "तू ग्रूप सोडला तं मले बरं वाटलं. म्हटलं, सोडता येते."

एवढं ऐकून मी म्हणाले की मग घरी जाऊन सांगून टाका सगळ्यांना. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पेरूच्या बिया थुंकायला उठले.

आणि मग एका रविवारी मोठे बाबा समेट करायला आले. असं भांडण, जे झालंच नव्हतं, ते मिटवायला. अर्धा किलो पेढे, इस्त्रीचा सदरा, सोबत मोठी आई. आईने आदल्या दिवशीच ताईला पढवून ठेवलं होतं की फोन पाण्याच्या बादलीत पडला असं सांगायचं.

मोठे बाबा खुर्चीत बसले. "काय वं पोरी, कोणावर रुसली?"

"फोन बादलीत पडला जी तिचा," आईने ताईच्या आधीच सांगितलं.

"मंग मी घेऊन देतो नवा. त्यात काय. पण माह्यासमोर आता ग्रूपमधी ये, आपुन सगळे मिळून एक फोटो काढू, टाकून देऊ. लोक बोलून राहिले."

"कोणते लोक?" मी विचारलं.

"तुले नाई समजत. तू पत्रकं वाट."

बाबा जमिनीकडे पाहात होते. मला त्यांचा राग आला, आईचा आला, त्या पेढ्यांचा आला. आतल्या खोलीत ताईच्या गोळ्या होत्या, मालगाडी तिच्या वेळेवर जाऊन गेली होती, आणि इथे चार शहाणी माणसं फोटोत कोण कुठे उभं राहणार ते ठरवत होती. ताई उठली आणि स्वयंपाकघरात गेली. डब्याचं झाकण वाजलं. ती परत आली तेव्हा तिच्या हातात पिठाने माखलेला फोन होता. मला वाटलं, संपलं. हरली ही.

तिने फोन मोठ्या बाबांसमोर स्टुलावर ठेवला.

"बादलीत नाई पडला मोठेबाबा. मी अकोल्याले डॉक्टरकडे जातो. डोक्याच्या. त्याईनं सांगतलं ग्रूप सोड म्हणून."

आईने भिंतीकडे तोंड केलं.

"डोक्याच्या म्हणजे चष्म्याच्या?" मोठ्या बाबांनी विचारलं.

"नाई. मले जगावं नाई वाटे म्हणून."

मोठ्या बाबांनी पेढ्याचा पुडा बंद केला, उगाच. मग त्यांच्यातला बाबू जागा झाला. "तुले काय कमी हाय? नोकरी हाय, आईबाप हाय. मी पाठवतो ते वाचत जा रोज, मन खुश राहते. आपल्यात असं कोणालेच होत नाई."

"होते जी," मोठी आई म्हणाली.

"कोणाले?"

"मले. मी बी त्याच डॉक्टरकडे जातो."

"तुहे तं दात..."

"माहे दात सारे जागेवर हाय. पाहून घ्या." आणि तिने खरंच त्यांच्यासमोर तोंड उघडलं.

ताईला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं आणि अगदी नको त्या वेळी आलं. मोठ्या आईने कमरेच्या पिशवीतून स्वतःचा फोन काढला. जय भीम, सुप्रभात लिहिता यावं म्हणून मोठ्या बाबांनीच घेऊन दिलेला. तो माझ्यासमोर धरून म्हणाली, "सोडाचं बटन कुठी हाय वं याच्यात?"

मी दाखवलं. तिने दाबलं. मोठ्या बाबांच्या सदऱ्याच्या खिशात बारीकसा आवाज झाला. त्यांनी फोन काढून ती ओळ वाचली. घरातल्या घरात, हातभर अंतरावरून, बायकोने ग्रूप सोडला होता. या वेळी त्यांनी त्या ओळीचा फोटो काढला नाही.

ते गेले तेव्हा पेढे तसेच राहिले. आईने रात्री कोणाला न सांगता ताईच्या गोळ्या फडताळात, सगळ्यांना दिसतील अशा, मिठाच्या बरणीजवळ ठेवल्या. त्यावर आमच्या घरात आजवर एक शब्द बोलला गेलेला नाही. एवढंच जमतं आमच्या लोकांना.

यापुढे खानदान शहाणं झालं, असं कोणाला वाटत असेल तर त्याने आमचं खानदान पाहिलेलं नाही. आठवड्याच्या आत ग्रूपवर एक नवं चित्र फिरलं. मेंदूतून फुलं उगवलेली आहेत आणि वर लिहिलंय, 'मनाची काळजी घ्या, बोला.' त्याला अंगठ्यांचा पाऊस पडला. आत्याने बदाम टाकला. ताईला किंवा मोठ्या आईला यांच्यापैकी एकाचाही फोन आला नाही. बोलायचं म्हणजे चित्राशी बोलायचं, अशी समजूत आहे. ताईची शाळाही मागे नव्हती. तिने रजा वाढवून मागितली तेव्हा मुख्याध्यापिकेने 'काळजी घ्या' लिहून एक पिवळं फूल पाठवलं आणि तिच्या वर्गावर दुसरी बाई घेतली.

आता ताई आणि मोठी आई एकाच गाडीने अकोल्याला जातात. मी जमेल तेव्हा जाते. मागच्या वेळी मोठे बाबा स्वतः मोठ्या आईला बडनेरा स्टेशनवर सोडायला आले. स्कूटर लांब, कडुनिंबाखाली लावली, आणि तोंडाला रुमाल बांधून उभे राहिले. या वयात, ढगाळ दिवशी.

"आत या ना जी, चहा घेऊ," ताई म्हणाली.

"नाई नाई. वळखीचे लोक राहते." ते घुटमळले. मग रुमालातूनच ताईला म्हणाले, "त्या डॉक्टरले एक इचारजो. एका माणसाले रातभर झोप येत नाई. पहाटे उठून बसते, काय करावं समजत नाई. वळखीचा हाय माह्या."

मी तोंड उघडलं होतं. इतकी वर्षं पत्रकं लिहून जीभ तयारच असते. पण ताईने माझा हात दाबला.

"त्या वळखीच्याले म्हणा, पुढच्या टायमाले संग या," ती म्हणाली. "तिथं कोणी काई इचारत नाई. सगळे दाताचेच राहते."

गाडी आली, आम्ही चढलो. खिडकीतून ते स्कूटरच्या सीटवर बसलेले दिसत होते, सुरू न करता.

मूर्तिजापूर यायच्या आत माझा फोन वाजला. मी अजून त्या ग्रूपमध्ये आहे. कोणीतरी शत्रूच्या गोटात असावं लागतं. ग्रूपवर त्या दिवसाचा पहिला गुलाब आला होता. दुपार झाली होती आणि गुलाबाखाली 'शुभ सकाळ' लिहिलं होतं.

"त्याईचंच का?" मोठ्या आईने विचारलं.

"हो."

"मंग पोचले घरी," ती म्हणाली, आणि तोंडावरचा स्कार्फ सोडून तिने खिडकीच्या गजाला बांधून टाकला.